तटाखालची सावली

शनिवार, ३ मे

वॉटफर्डला आले. बाबांनी दारातच कागद हातात ठेवले. सात पानं, स्पायरल बाइंडिंग केलेली. मराठी मंडळाच्या सहलीचा कार्यक्रम. 'वाच आणि चुका काढ.' कशी आहेस हे विचारायची त्यांची ही पद्धत.

अठरा जण, सगळे साठीच्या पुढचे. इटलीत लिगुरियाचा किनारा, सहा दिवस. म्होरके यादवराव काका. त्यांचं आयुष्य रेल्वे सिग्नलच्या नोकरीत गेलं, निवृत्तीनंतरही मिनिटं सुटलेली नाहीत. '१०.१० बसमधून उतरणे. १०.१५ स्वच्छतागृह. १०.३५ लिंबाच्या बागा.'

पाचव्या पानावर थांबले. गुरुवार, २२ मे — सान व्हेरो.

ते गाव मी रोज सकाळी बघते. म्हणजे, गेलेली कधीच नाही! तिथल्या समुद्राकाठच्या तटाच्या भिंतीवर आमच्या कंपनीचे चोवीस सेन्सर आहेत. पाच महिने त्यांचे आकडे माझ्याकडे येतात.

'१२.४५ ते २.०० — धक्क्यावर तटाखाली दगडी बाक. सावली. डबे.'

काका बाबांच्या फोनवर म्हणाले, 'कॅफेत बसून आपलं काढलं की हाकलतात बेटा. आणि त्यांचं खाल्लं की चार वाजता परत भूक. बाक बेस्ट. इंटरनेटवर बघून ठेवलाय.'

मी एक चूक काढून दिली. तिसऱ्या पानावर वार चुकला होता. बाबा खूश झाले.

मंगळवार, ६ मे

केंब्रिज. ऑफिस.

हे मराठीत लिहिते कारण इथे कोणी वाचू शकत नाही. माझा सहकारी मिहीर, त्याचे आईवडील लंडनमधल्या एजवेअरचे, तो मराठी बोलतो, पण देवनागरी त्याला येत नाही.

तट चारशे वर्षांचा. चाच्यांपासून गाव वाचवायला बांधलेला. लांबी एकशे वीस मीटर, उंची नऊ. एका टोकाला बुरूज, दुसऱ्या टोकाला खलाशांचं छोटं चॅपेल. पर्यटनाच्या वेबसाइटवर दोन्हींचे फोटो आहेत. बुरुजावरून दिसणारा सूर्यास्त. चॅपेलच्या छताला टांगलेली लाकडी जहाजं, वादळातून वाचलेल्या खलाशांनी नवसाची म्हणून दिलेली. धक्क्यावर रंगीत होड्या. सुंदर आहे सगळं. माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्याकडे चोवीस आकडे आहेत. सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. ती आपला नंबर सांगते आणि भिंत किती कलली ते सांगते. बाकी काही सांगत नाही.

३, ४ आणि ५ समुद्राकडे कलताहेत. ४ सगळ्यांत जास्त. नऊ दिवसांत मीटरमागे १.१ मिलिमीटर. २ ही धोक्याची मर्यादा.

नकाशा काढला. गावाकडून समुद्राकडे बघायचं, डावीकडून मोजायचं. १ बुरुजाशी, २४ चॅपेलशी. म्हणजे हलतंय ते बुरुजाकडचं टोक.

बाक बुरुजाखाली आहे. सॅटेलाइट नकाशावर मोजला — बुरुजापासून अठरा मीटर. बरोबर ४ नंबरच्या खाली.

शुक्रवार, ९ मे

हेलनला दाखवलं. ती माझी मॅनेजर, या कामात तीस वर्षं काढलेली. तिने आकडे दोनदा बघितले, क्लायंटला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, मेल केला. उत्तर तासाभरात आलं. नोंद घेतली. सीझन सुरू आहे. जूनमध्ये चॅपेलचा उत्सव आहे. तो झाला की इंजिनिअर पाठवू.

मी म्हटलं, खाली लोक बसतात. हेलन म्हणाली, 'आपण मोजतो आणि कळवतो. रस्ते बंद करणं आपल्या हातात नाही.' मग फाइल बंद करत — 'आणि हे आकडे या खोलीबाहेर जात नाहीत. तू सही केली आहेस.'

केली आहे. पान चार, कलम सात.

आईवडील तिथे जाणार आहेत हे तिला सांगितलं नाही. का नाही, ते मला नीट सांगता येणार नाही. सांगितलं असतं तर माझ्या आकड्यांना भीती चिकटली असती. मग ते आकडे राहिले नसते.

रविवार, ११ मे

आईला फोन. गाव बदलता येईल का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. शेजारचं गाव जास्त छान आहे म्हटलं.

'तू गेलीस कधी?'

'वाचलंय.'

'मग आम्ही जाऊन बघतो आणि तुला सांगतो.' मागून बाबा ओरडले — 'तिला म्हणावं, बस बुक आहे! गाइड बुक आहे!' आई हसली. 'बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा बाहेर पडतोय, उर्वी. त्यांना समुद्र बघायचाय. इथल्या समुद्राला ते समुद्र म्हणत नाहीत, तुला माहितीये.'

माहितीये. बाबा अलिबागचे.

खरं कारण सांगावं का, यावर फोन ठेवून अर्धा तास बसले. बाबांना एक गोष्ट सांगणं म्हणजे मंडळाच्या ग्रुपवर टाकणं. ग्रुपवर एकशे चाळीस लोक. त्यांतले दोन स्थानिक वर्तमानपत्रात लिहितात. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी नाही, आणि पुढच्या भिंतीचे आकडे कोणीतरी दुसरंच बघतंय.

हे कारण खरं आहे. पुरेसं आहे का, माहीत नाही.

बुधवार, १४ मे

४ नंबर: १.३. रात्री नीट झोप नाही.

शनिवार, १७ मे

वॉटफर्ड. घरभर सुकटीचा वास. आई सहलीसाठी चटणी भाजत होती. सगळ्या खिडक्या उघड्या, तरी शेजारच्या बाईंनी दार वाजवून 'सगळं ठीक आहे ना' विचारलं! तांदळाच्या भाकऱ्या हॉटेलात कुठून मिळणार म्हणून दशम्या. अठरा माणसांचं एक दिवसाचं जेवण आई एकटी करतेय. बाकीच्या दिवसांचं इतरांनी वाटून घेतलंय. आईच्या वाट्याला गुरुवार आलाय.

बाबा सोफ्यावरून उठायला अकरा सेकंद घेतात. मी घड्याळ लावून मोजलं, ते बातम्या बघत असताना. एक हात गुडघ्यावर, एक सोफ्याच्या हातावर, मग थांबतात, मग उठतात. नऊ मीटरवरून दगड खाली यायला दीड सेकंदही लागत नाही.

गाव टळत नाही. मग जागा तरी टाळायची. तेवढं माझ्या हातात आहे.

पीठ मळता मळता आईला सांगितलं. 'त्या बाकावर बसू नका. दुसऱ्या टोकाला चॅपेल आहे, त्याच्या पायऱ्यांवर बसा. तिथली सावली चांगली.'

'सावली सावलीसारखी सावली. बाक काय वाईट आहे?'

'दगड गार असतो. बाबांचा गुडघा.'

'पायऱ्या काय लाकडाच्या आहेत?'

तिने माझ्याकडे बघितलं. आई पस्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, काचेखाली बघायची सवय गेलेली नाही. 'तुझं ऑफिसात काही बिनसलंय का?'

'नाही.'

'मग अशी पांढरी का पडलीस?'

'सुकटीचा वास.'

'बघू,' आई म्हणाली. आईच्या 'बघू'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून निघताना दारात परत सांगितलं. गाडीत बसून तिसऱ्यांदा, काच खाली करून. तेव्हा म्हणाली, 'हो गं बाई! पायऱ्यांवर बसू! काय शपथ घेऊ का?'

सोमवार, १९ मे

गेले. विमानाचा ठिपका पडद्यावर जेनोआला उतरेपर्यंत बघत होते. मग आकडे उघडले. १.४.

एक हिशोब केला. ते तिथे पंचाहत्तर मिनिटं असणार. वर्षात पाच लाख पंचवीस हजार सहाशे मिनिटं. भिंत या वर्षी पडणारच असं धरलं तरी नेमक्या त्याच वेळी पडण्याची शक्यता सात हजारांत एक. या आकड्याने मला बरं वाटायला हवं होतं.

कोणत्याही दिवशी तिथे कोणीतरी बसलेलं असतंच. त्यांचा हिशोब मी केला नाही.

मंगळवार, २० मे

तिकडे पाऊस. अडतीस मिलिमीटर, एका दिवसात. तटामागे माती आहे. माती पाणी पिते आणि भिंतीला ढकलते. दर दोन तासांनी आकडा बघतेय. १.५. मग १.५. मग १.६.

हेलनने परत मेल केला. उत्तर नाही.

बुधवार, २१ मे

आईचा हॉटेलातून फोन. पाठीमागे सगळे एकदम बोलत होते. बस ड्रायव्हर वासाची तक्रार करतोय. सुकटीची पिशवी आता तीन प्लास्टिकमध्ये बांधून डिकीत. काकांनी आज शिट्टी वाजवून लोकांना चर्चमधून बाहेर काढलं! बाबा समुद्रात घोट्यापर्यंत उभे राहिले. आई म्हणाली, 'इतका वेळ उभे होते की मला भीती वाटली.'

'उद्या पायऱ्यांवर,' मी म्हटलं.

'तू ना उर्वी, काकांच्या वरताण आहेस.'

१.७. पाऊस थांबलाय. पाणी जमिनीत उतरायला वेळ लागतो, म्हणजे आकडा अजून चढणार.

गुरुवार, २२ मे

सकाळी ९.००. १.८.

१०.४०. १.९. हेलनला उठवून आणलं खुर्चीवरून. ती सरळ फोनवर. क्लायंटचा माणूस जेवून आला की बुरुजाखाली रस्ता अडवायची पट्टी बांधेल, म्हणाला. तिकडे तासभर पुढे आहे, पावणेबारा वाजलेत.

११.३५. आईचा मेसेज. फोटो. दगडी पायऱ्या, त्यांवर चपला-बूट ओळीने, अठरा जोड. 'पोचलो तुझ्या पायऱ्यांवर. आता खूश?'

खूश. पहिल्यांदा खांदे खाली आले. चॅपेल बुरुजापासून शंभर मीटर लांब. तिकडचे सेन्सर, २० ते २४, पाच महिन्यांत हललेले नाहीत. आई माझं ऐकते म्हणजे कमाल! चहा केला. आठवडाभरात पहिल्यांदा गरम असताना प्यायले.

१२.०५. मिहीर आला. तीन आठवडे स्कॉटलंडमध्ये एका दीपगृहावर होता, तिथे फोनही लागत नव्हता. सान व्हेरोचे सेन्सर डिसेंबरमध्ये त्यानेच बसवलेत. पाठीवर बॅग तशीच, माझ्या स्क्रीनसमोर उभा राहिला. 'ओह, चार नंबर! ती तर खूप वाढला.'

'बुरुजाकडचं टोक,' मी म्हटलं.

'बुरुज? नाही. चार चॅपेलला आहे.'

मी नकाशावर बोट ठेवलं. गावाकडून, डावीकडून.

'पण मी गावात कुठे होता?' तो म्हणाला. 'मी धक्क्यावर उभा होता. माझी पाठ समुद्राला, भिंत समोर. डावीकडून सुरू केला. माझा एक नंबर चॅपेल, चोवीस नंबर बुरुज. साइटवर सगळे असंच करतात ना?'

साइटवर सगळे असंच करतात. मी साइटवर कधी गेले नाही. मी कागदावर मोजलं.

चार नंबर त्या पायऱ्यांच्या डोक्यावर आहे.

१२.०९. आईचा फोन वाजतो, कोणी घेत नाही.

१२.१०. बाबांचा बंद. बॅटरी वाचवायला ते बंदच ठेवतात.

१२.१२. काकांचा नंबर माझ्याकडे नाही. बाबांच्या कार्यक्रमात शेवटच्या पानावर होता. तो कागद वॉटफर्डला. मी त्यात चुका काढल्या आणि एक नंबर उतरवून घेतला नाही.

१२.१५. हेलन क्लायंटच्या फोनवर ओरडतेय. तिला ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. 'दुसरं टोक! चॅपेल! चॅपेल!' तो माणूस अजून जेवतोय. मी तिला आता सांगितलं, तिथे माझे आईवडील आहेत. ती आणखी जोरात ओरडायला लागली.

१२.२०. आईला मेसेज. 'तिथून लगेच उठा. भिंत पडणार आहे.' हे सहा शब्द दोन आठवड्यांपासून लिहिता आले असते. बरोबरच्या दोन खुणा, करड्या. पोचलेला, वाचलेला नाही.

१२.२४. एकविसावा फोन. रिंग वाजतेय तोवर लिहितेय. मिहीर माझ्या खुर्चीशी उकिडवा बसलाय आणि विचारतोय, तुला पाणी पाहिजे का, पाणी पाहिजे का.

१२.३१. २.४. इतक्या वेगाने आकडा बदलताना मी कधी बघितला नाही.

१२.३८. ४ बंद.

१२.३८. ३, ५ आणि ६ बंद.

डब्यांच्या बॅटऱ्या पाच वर्षं टिकतात. चार एकदम जात नाहीत.

संध्याकाळी ६.००. जिवंत आहेत. अठराच्या अठरा. बाबांच्या अंगावर धूळ, बाकी काही नाही.

१.०७ ला आईचा फोन आला. तीच बोलत होती, खूप जोरात, आवाज खाली आणायचं भान नव्हतं. 'पडली! ती पडली उर्वी, सगळी पायऱ्यांवर पडली!' फोन डब्यांच्या पिशवीत होता, पिशवी बाकाखाली. ऐकूच आला नाही.

बाकाखाली. ते बाकावर होते. बुरुजापाशी.

सगळे पायऱ्यांवर गेले होते, खरंच. आईने शब्द पाळला. चपला काढल्या, चॅपेल बघायला आत गेले. वर ती लाकडी जहाजं, पुढे मेरीमाता, मेणबत्त्या लावलेल्या. बाहेर आले, आई डबा उघडायला बसली, आणि तिचा हात थांबला.

'सुकट होती ना गं. देवाच्या दारात मच्छीचा डबा उघडायचा? बरं दिसतं का? आपण उघडला असता का आपल्याकडे? काकांना विचारलं. ते म्हणाले, वहिनी, मी काही देव मानत नाही, पण दुसऱ्याच्या दारात आपला वास नको. मग घातल्या चपला आणि आलो चालत बाकावर. काका चिडले होते, सात मिनिटं वाया गेली म्हणून. तुला राग येईल म्हणून मी कळवलं नाही.'

मग तिने मेसेज वाचला असावा.

'तुला माहीत होतं?'

'हो.'

'मग सांगितलं का नाहीस, सरळ?'

'नंतर सांगते,' म्हटलं. पण आता लिहिते, कारण इथे कोणी वाचत नाही. सरळ सांगितलं असतं तर ती तिथून हलली नसती. सुकट राहू दे नाहीतर काही. पोरगी इंजिनिअर आहे, तिने सांगितलंय, म्हणून सगळ्यांना धरून त्या पायऱ्यांवर बसवलं असतं. माझी सबब फुटकी होती, म्हणून ते वाचले.

बातम्यांत जखमींचा आकडा नाही. ढिगारा अजून उपसताहेत.

शुक्रवार, २३ मे

सकाळी आईचा व्हॉइस मेसेज. मी फोन उचलला नव्हता.

'उर्वी, एक विचारायचं होतं. काल आम्ही बाकावर बसलो ना, तर एक म्हातारं जोडपं आलं. इंग्लिश होते, नॉर्विचचे म्हणाले. बाकावर जागाच नव्हती. त्या बाईंनी निळी टोपी घातली होती, विणलेली, गोड होती. मी म्हटलं, तिकडे चॅपेलच्या पायऱ्यांवर बसा. माझी मुलगी इंजिनिअर आहे, तिने सांगितलंय तिथली सावली चांगली. ते थँक यू म्हणून गेले. तुला बातम्यांत कुठे दिसले का गं? बाबा म्हणतात, नसतील तिथे. तू बघून सांग.'

ढिगाऱ्याचा व्हिडिओ अठ्ठेचाळीस सेकंदांचा आहे. एकतिसाव्या सेकंदाला निळी टोपी दिसते.

आईचा फोन वाजतोय.